हात धुऊन मागे लागलेला संशय

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



२००३ सालचा उन्हाळा आपल्या भागातल्या पुष्कळांना आठवत असेल. पावसाने दगा दिलेला होता. इंदापूर तालुका म्हणजे मोठा अजब तालुका. एका अंगाला उजनीचं पाणी पसरलेलं, भिगवणजवळ लांबलांबचे पक्षी येऊन उतरतात; आणि दुसऱ्या अंगाला जिरायत गावं, तिथे टँकरची वाट बघत बायका रस्त्याकडेला घागरींची रांग लावून बसलेल्या. माझी थोरली बहीण, आमची आपा, अशाच एका गावात दिलेली. तिच्या वस्तीवर आठव्या दिवशी टँकर यायचा. घरटी दोन टिपाडं पाणी. त्या दोन टिपाडांत आठ दिवसांचा स्वयंपाक, पिणं, आंघोळी, वजू आणि दोन शेळ्या.

एका शुक्रवारी टँकर येऊन गेला आणि दुपारी दुल्हेभाई कामावरून घरी आले, तेव्हा एक टिपाड रिकामं झालेलं होतं. आपा मोरीत बसून हात धूत होती. हाताची सालं निघालेली, बोटांच्या पेरांवर भेगा, भेगांतून रक्त. ती रडत होती आणि धूत होती. दुल्हेभाईंनी मला बारामतीला फोन केला. मी संध्याकाळी पोचलो. मला बघून ती म्हणाली, "मेरेकू मालूम है, हाताँ साफ हैं. लेकिन दिल मानताच नै."

मंडळी, मी डॉक्टर नाही. बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण आपाच्या या एका वाक्यात जो आजार आहे, तो आमच्या घरात पंधरा वर्षं नाव न सांगता राहिला. नाव कळलं तेव्हा मी मिळेल ते वाचत गेलो, डॉक्टरांना विचारत गेलो. त्यातलं जे नीट समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

या आजाराला डॉक्टर 'ओसीडी' म्हणतात. ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर. मराठीत मंत्रचळ किंवा मंत्रचळेपणा असा शब्द आहे. मंत्र म्हणताना काही चुकलं तर डोक्यावर परिणाम होतो, अशी जुनी समजूत त्या शब्दात दिसते. समजूत चुकीची, पण शब्द नेमका आहे. कारण तेच तेच, पुन्हा पुन्हा, आणि चुकलं असेल ही धास्ती, हेच या आजाराचं रूप.

आजाराचे दोन भाग असतात. पहिला विचार. तो आपण बोलावलेला नसतो, नको असतो, घालवला तरी परत येतो. हाताला काहीतरी लागलंय. गॅस चालू राहिला. माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होईल. दुसरा भाग कृती. त्या विचाराने जी तगमग होते ती शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, विचारतो, मनातल्या मनात ठरावीक शब्द म्हणतो. केल्यावर क्षणभर बरं वाटतं. मग पुन्हा विचार.

आता तुम्ही म्हणाल, असे विचार कुणाला येत नाहीत? अगदी बरोबर. १९७८ साली स्टॅनली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डी सिल्वा या दोघा मानसशास्त्रज्ञांनी ज्यांना काही आजार नाही अशा चारचौघांना विचारून बघितलं, तर बहुतेकांनी सांगितलं की असे विचित्र, नकोसे, कधी भयंकर विचार आम्हालाही येतात. विचारांचा मजकूर रुग्णांसारखाच. उजनीच्या पुलावरून जाताना 'इथून उडी मारली तर?' हा विचार किती जणांच्या डोक्यात येऊन गेला असेल. उसाच्या ट्रॉलीशेजारून गाडी काढताना, लेकराला गच्चीवर घेऊन उभं असताना, काय काय येतं मनात. आपण 'छे, काहीतरीच' म्हणतो आणि पुढे जातो. ओसीडी असलेल्या माणसाला तसं पुढे जाता येत नाही. त्याला वाटतं, हा विचार आला याचा अर्थ काहीतरी आहे. आपणच वाईट आहोत, किंवा हे टाळण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. मग तो टाळायला लागतो.

इथे थोडं आमच्या गावाबद्दल. आम्ही बारामतीकर मोरोपंतांच्या गावचे. पंतांनी एकशे आठ रामायणं रचली असं सांगतात. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठाला ओठ लावून उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. मी स्वतः एस. टी. स्टँडवर बसल्या बसल्या बोटांवर मात्रा मोजतो. शेजारचा माणूस सरकून बसतो. मग हाही मंत्रचळच का? नाही. पंतांनी नियम हौसेने घेतला होता, आणि एखादं अक्षर चुकलं तर घरात कुणी दगावेल अशी भीती त्यांच्या मानगुटीवर बसल्याचं कुठे ऐकिवात नाही. कवीला मोजण्यात मजा येते. आपाला धुण्यात कसलीच मजा नव्हती. "मी फार स्वच्छताप्रिय आहे, मला जरा ओसीडीच आहे," असं हल्ली लोक हसत सांगतात ना, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की टापटीप आवडणं ही आवड झाली. या आजारात आवड नसते.

संशय थोडक्यात भागला असता तर काही प्रश्नच नव्हता. पण तो सावकारासारखा असतो. आज दाराशी आला, तुम्ही व्याज टेकवलं, तो गेला. तुम्हाला वाटलं सुटलो. मुद्दल तसंच. उलट हे कूळ देणारं आहे, हे त्याला कळलं. उद्या लवकर येणार, जास्त मागणार. हात एकदा धुऊन बरं वाटलं की मेंदू शिकतो, धोका होता आणि धुण्यामुळे टळला. म्हणजे धोका खराच होता! पुढच्या वेळी एकदा धुऊन भागत नाही, तीनदा लागतं, मग सात वेळा. आपाला त्या वर्षी सकाळच्या एका हात धुण्याला पाऊण तास लागत होता.

हा आजार किती जणांना असतो? २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. बारा राज्यांत झालं, आपला महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात अठरा वर्षांवरच्या माणसांत हजारी सात-आठ जणांना त्या वेळी हा आजार असल्याचं दिसलं. बारामती आणि इंदापूर तालुक्यांची मिळून लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांच्या घरात होती. तोच हिशेब इथे लावला तर या दोन तालुक्यांत चार हजारांच्या आसपास मोठी माणसं निघतील. चार हजार! मला माझ्या ओळखीत आपा सोडून पुष्कळ वर्षं एकही माहीत नव्हता. लपवतात, म्हणून. लपवणं हाही या आजाराचा एक भागच. दारामागे, मोरीत, पांघरुणाखाली, मनातल्या मनात सगळं चालतं.

आणि सगळ्यांचा आजार हात धुण्याचाच नसतो. कडी-कुलूप, शेगडी, पंपाचा स्टार्टर बंद केला का हे पाहायला शेतातून तीन-तीनदा परत येणारा माणूस असतो. वहीतलं अक्षर मनासारखं येत नाही म्हणून पान फाटेपर्यंत खोडणारा शाळकरी पोरगा असतो. शिक्षक त्याला हळू म्हणतात, आई आळशी म्हणते. हा आजार पुष्कळदा लहानपणी किंवा विशीच्या आत-बाहेर सुरू होतो, म्हणून शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावं.

सर्वांत अवघड प्रकार बाहेर दिसतच नाही. देवाबद्दल घाणेरडे विचार येणं. मूर्तीपुढे किंवा नमाजला उभं राहिलं की शिवी मनात येणं. नात्यातल्या माणसाबद्दल नको ते येणं. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईच्या मनात, 'माझ्याच हातून बाळाला काही झालं तर' असा विचार येणं, आणि त्या भीतीने तिने विळी-चाकू लपवून ठेवणं, बाळाला हात लावायचंच सोडणं. अशी बाई कुणाला काय सांगणार? सांगितलं तर बाळ काढून घेतील, असं तिला वाटतं. म्हणून हे मुद्दाम मोठ्याने सांगतो. या आजारातल्या माणसाला त्या विचाराची किळस असते, भीती असते, आणि तो विचार तडीस नेण्याची इच्छा नसते. त्याला गरज असते ती उपचाराची. बाळंतपणानंतर बाई भ्रमात बोलू लागली, दुसऱ्या कुणालाच ऐकू न येणारे आवाज तिला ऐकू येऊ लागले, तर तो प्रकार वेगळा, आणि त्या वेळी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. आपाचंही सगळं पहिल्या बाळंतपणानंतरच सुरू झालं होतं, १९८९ साली. आधी फक्त दुपटी पुन्हा पुन्हा धुवायची. सासू कौतुक करायची.

आता धर्माचं. हा विषय मी टाळणार होतो, पण टाळून आपाची गोष्ट पुरी होत नाही. आमच्याकडे पाकी-नापाकी आहे, नमाजाआधी वजू आहे. शेजारच्या घरात सोवळं-ओवळं, विटाळ आहे. संशय ज्या घरात शिरतो त्या घरची भाषा बोलायला लागतो. आपाला वाटायचं, वजूत कोपर कोरडं राहिलं, म्हणून नमाज झाली नाही, म्हणून घरावर संकट येईल. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, किती दीनदार बाई. सोवळ्यातल्या एखाद्या आजीला लोक कडक म्हणतात, तसंच. आजाराला अशी मोठी नावं मिळाली की तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो.

गंमत म्हणजे, धर्माच्या जाणकारांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. आमच्याकडे याला 'वसवसा' म्हणतात. आजच्या अफगाणिस्तानातल्या बल्ख शहराचे अबू झैद अल-बल्खी, इसवी सन ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी ग्रंथ लिहिला. मनाच्या चार दुखण्यांत त्यांनी राग, दुःख आणि भीती यांच्या पंक्तीला वसवसा बसवला, आणि अशा माणसाने एकटं राहू नये असं सांगितलं. हजार वर्षांपूर्वी! आणि फिकहमध्ये, म्हणजे आमच्या धर्मशास्त्रात, एक साधा नियम आहे: जे खात्रीने झालं आहे ते नुसत्या संशयाने रद्द होत नाही. वजू केली हे ठाऊक आहे, तुटली असा नुसता संशय आहे, तर वजू शाबूत. आपाला हा नियम मौलानांनी सांगितला होता. तिला पटलाही. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारायला पाठवलं. मग तिसऱ्या दिवशी. म्हणजे विचारणं हीच आता नवी धुणी झाली. समजावून सांगितल्याने हा आजार जात नाही, तो याच कारणाने.

मग तो होतो कशाने? एकच कारण दाखवता येत नाही. अनुवंशाचा भाग आहे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांत असेल तर धोका इतरांपेक्षा काही पटींनी वाढतो. मेंदूचा पुढचा, कपाळामागचा भाग आणि आतल्या खोल गाठी यांच्यात एक वर्तुळ आहे. 'चूक झाली, बघ' हा इशारा तिथून निघतो, आणि बघून झालं की शांत होतो. या आजारात तो इशारा शांत होत नाही. गाडीचा हॉर्न अडकून बसावा तसं होतं. गाडीला काही धडकलेलं नसतं, हॉर्न वाजतच असतो. सिरोटोनिन नावाच्या मेंदूतल्या द्रव्यावर काम करणारी औषधं लागू पडतात, म्हणून त्या द्रव्याचा संबंध असावा असं मानतात. ताण, आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू यांनी सुरुवात होते किंवा जोर वाढतो. पण आईने लहानपणी जास्त शिस्त लावली म्हणून झालं, लाड केले म्हणून झालं, कुणाची नजर लागली, यातलं काही कारण नाही. माझी आई मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली. तिला हे सांगायला मी उशिरा शहाणा झालो.

निदानासाठी रक्ताची तपासणी नाही, स्कॅन नाही. डॉक्टर बोलतात, विचारतात. दिवसातला किती वेळ यात जातो? साधारण तासाभरापेक्षा जास्त जात असेल, किंवा काम, संसार, अभ्यास यात अडथळा येत असेल, तर आजार धरतात. थांबवायचा प्रयत्न केला तर काय होतं? हे अति आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? बहुतेकांना वाटतं, आपासारखं, आणि तिथेच खरी यातना असते. किती तीव्र आहे हे मोजायला प्रश्नांची एक पट्टी आहे, १९८९ साली अमेरिकेत तयार झालेली, येल-ब्राउन पट्टी. चाळीस गुणांची. डॉक्टर आधी गुण काढतात आणि उपचारानंतर पुन्हा काढतात. आपाचे पहिल्या दिवशी एकतीस आले होते. परीक्षेत कधी इतके मिळाले नव्हते, असं ती नंतर म्हणाली.

पण त्या डॉक्टरांपर्यंत पोचायलाच आम्हाला पंधरा वर्षं लागली. मधल्या काळात ताईत झाले, दोरे झाले, तिच्या माहेरच्यांनी म्हणजे आम्ही आणि सासरच्यांनी मिळून जिथे जिथे कुणी सांगितलं तिथे नेलं. दोन वर्षं एका डॉक्टरांनी हाताच्या भेगांना मलम दिलं. मलम चांगलं होतं, भेगा भरायच्या. दिवसातून हात किती वेळा धुता, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. टिपाड रिकामं झालं त्याच्या पुढच्या महिन्यात मी तिला पुण्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेलो. वस्तीवर सांगितलं, डोळे दाखवायला चाललोय.

उपचार दोन आहेत. एक औषध. फ्लुऑक्सेटीन, सर्ट्रालीन, फ्लुवोक्सामीन या जातीच्या गोळ्या, आणि जुनं क्लोमिप्रामीन. उदासीनतेच्या आजारात देतात त्याच गोळ्या, पण ओसीडीत डोस बहुधा जास्त लागतो आणि वाटही जास्त बघावी लागते, आठ ते बारा आठवडे. इथेच पुष्कळ लोक घसरतात. पंधरा दिवस घेतात, काही फरक नाही म्हणतात, सोडतात. सुरुवातीला मळमळ, झोपेची गडबड, अस्वस्थता होऊ शकते. जीव नकोसा वाटू लागला, विशेषतः तरुण मुलांना, तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. या झोपेच्या गोळ्या नव्हेत, यांचं व्यसन लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. बरं वाटल्यावरही निदान वर्ष-दोन वर्षं घ्यायला सांगतात. फ्लुऑक्सेटीन ही महागडी गोळी नाही, आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

दुसरा उपचार वर्तनाचा. लंडनमध्ये १९६६ साली व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर तो करून दाखवला. तोवर हा आजार जवळजवळ असाध्य समजत. मेयर यांची युक्ती ऐकायला निर्दय वाटते. ज्याची भीती आहे त्याला हात लावायचा, आणि मग धुवायचं नाही. बस. तगमग वाढेल, वाढू द्यायची. ती कायम चढत राहत नाही. घाटात गाडी चढते, माथ्यावर येते, उतरते, तशी ती आपोआप उतरते. किंवा निदान असं कळतं की ही तगमग सोसवते, तिने कुणी मरत नाही. मेंदूला हे सांगून पटत नाही, त्याला अनुभवच द्यावा लागतो. तोही एकदम नाही, पायरी-पायरीने.

आपाच्या पायऱ्या डॉक्टरांनी तिलाच विचारून वहीत लिहिल्या होत्या. सर्वांत खाली दाराची कडी. मग चपला. मग पैशाच्या नोटा. मग एस. टी.च्या सीटचा दांडा. सर्वांत वर शेळ्यांच्या गोठ्याचं दार, आणि ते उघडून हात न धुता लेकराला जवळ घेणं. पहिल्या दिवशी कडीला हात लावून ती दीड तास ओसरीवर बसली, हात मांडीवर उताणे ठेवून, घामाघूम. मी समोर बसलो होतो. इतकं कठीण काम करताना मी माणूस बघितलेला नाही. आठवड्याने त्याच कडीला वीस मिनिटं लागली. आणखी काही दिवसांनी ती कडी लावून स्वयंपाकाला निघून गेली आणि मलाच आठवण झाली की अरे, आज बसली नाही.

औषधाने आणि या वर्तनोपचाराने मिळून साधारण निम्म्या ते दोन-तृतीयांश रुग्णांना चांगला फरक पडतो. १९९२ साली अमेरिकेत ल्युइस बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचाराआधी आणि नंतर रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली. बरं वाटलेल्यांच्या त्या आतल्या गाठीची धावपळ कमी झालेली दिसली. औषध घेणाऱ्यांची तशी दिसली, आणि गोळी न घेता नुसता वर्तनोपचार करणाऱ्यांचीही दिसली. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. हात न धुता ओसरीवर बसल्याने मेंदूच्या आत बदल होतो.

आता जे सांगायला मला सर्वांत जड जातं ते. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी दुल्हेभाईंना आणि मला आत बोलावलं आणि विचारलं, तुम्ही काय काय मदत करता? मी अभिमानाने सांगितलं. टँकरचं पाणी पुरत नाही म्हणून मी बारामतीहून एम-एटीवर दोन कॅन पाणी बांधून नेतो. साबण डझनाने नेतो. ती विचारते, 'हात साफ है ना?' मी सांगतो, आहेत. दिवसात चाळीस वेळा विचारलं तर चाळीस वेळा सांगतो, कधी चिडत नाही. दुल्हेभाई कामावरून आले की ती सांगेल तिथे कपडे काढतात, मगच घरात येतात. पोरं तिच्या अंथरुणाला हात लावत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही सगळे मिळून व्याज भरताय.

सावकाराची उपमा मघाशी दिली ती माझी नाही, त्यांची आहे. मी कवी असून मला ती सुचली नव्हती, कारण मी स्वतःच कूळ झालो होतो. माझं प्रेम खरं होतं, पाणीही खरं होतं, आणि त्याच पाण्यावर आजार पोसला जात होता. परतीच्या एस. टी.त मी तिच्याशी बोलू शकलो नाही.

पण म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बंद, असंही करायचं नसतं. काही घरांत साबण लपवतात, नळ बंद करतात, मारहाणही होते. त्याने माणूस आणखी आत जातो. डॉक्टरांनी आपाच्या समोर, तिच्या संमतीने ठरवून दिलं. प्रश्न विचारला तर उत्तर एकदाच. पुन्हा विचारलं तर एवढंच म्हणायचं, 'आपा, हे आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण मी इथे बसलोय.' हे वाक्य मला पाठ करावं लागलं. चाळीस वेळा 'हात साफ आहेत' म्हणणं त्यापेक्षा फार सोपं होतं.

आठ-नऊ महिन्यांत आपाचे गुण एकतीसवरून बारावर आले. शून्यावर आले नाहीत, आजही नाहीत. मधे २०११ साली मुलीच्या लग्नाच्या धावपळीत पुन्हा उसळी आली, पुन्हा गोळी वाढली, पुन्हा ती वही निघाली. काही जणांना असा परत परत उठणारा आजार असतो, रक्तदाबासारखा सांभाळावा लागतो. २०२० साली कोरोना आला आणि सगळं जग हात धुवायला लागलं, तेव्हा मी फार घाबरलो होतो. फोन केला. ती हसून म्हणाली, "अब पूरा गाँव मेरे जैसा हुआ." डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं, जगाला जो नियम तोच तुम्हाला. वीस सेकंद, एकदा. एकविसावं सेकंद आजाराचं.

आता कुठे जायचं ते. त्या वेळी आम्हाला पुणं गाठावं लागलं. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि मानसोपचार विभाग हा वैद्यकीय महाविद्यालयाचा भाग असतो. पुण्यात ससून रुग्णालय आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे. कुठेच जायचं धाडस होत नसेल तर केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६. फुकट आहे, रात्रंदिवस आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं असेल तर तर नक्कीच लावा; या आजाराच्या जोडीला उदासीनता पुष्कळदा येते. डॉक्टरांकडे गेलात तर एक गोष्ट आवर्जून विचारा: गोळीबरोबर वर्तनोपचार कोण करून घेईल? कारण गोळी देणारे भेटतात, समोर बसून कडीला हात लावायला लावणारा माणूस शोधावा लागतो. खेड्यात तर फारच. आपाच्या वेळी डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी पुण्यात बघितलं आणि मधल्या दिवसांचं काम वहीवर माझ्याकडून आणि दुल्हेभाईंकडून करून घेतलं. बी. ए.च्या पदवीचा एवढा उपयोग मला दुसरीकडे कुठे झाला नाही.

हे सगळं आपाला विचारूनच सांगितलं आहे. रेडिओवर सांगू का, म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, सांग, पण गावाचं नाव घेऊ नको, टँकरच्या पाण्यावरून तिथल्या बायका अजून बोलतात. नाही घेतलं.